खारीबरोबर कठडाही येऊ द्या

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घराच्या आसपासच्या लहान रानजीवांच्या फोटोंबद्दल प्रश्न मागवले होते. बिबट्याबद्दल लिहू नका असं ठळक अक्षरांत छापलं होतं, तरी बिबटे आलेच. ते फाइलीत गेले. बाकीच्या टपालात खारी सगळ्यांत जास्त, मग मुंगसं, एक उदमांजर, एक पाल. बहुतेकांनी प्रश्न दोन ओळींत आणि त्याआधीची आठवण दोन पानं लिहिली आहे. जागेअभावी आठवणी कापल्या आहेत, पण वाचल्या सगळ्या.

नव्या वाचकांसाठी: मी दादरच्या एका कलर लॅबमध्ये प्रिंटिंगला होते. लोक रोल धुवायला टाकायचे तेव्हापासून ते रोल येणं थांबलं तोवर. त्यामुळे माझी मतं फोटो काढणारीची कमी आणि छापणारीची जास्त असतात. ज्यांना हे चालत नाही ते दर महिन्याला कळवतातच.

प्रश्न: मी मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर राहते, वय ७४. स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज खार येते. साताऱ्याजवळच्या आमच्या वाड्यात पडवीत अशीच एक यायची, आई तिला भाकरीचा तुकडा टाकायची. हिचा फोटो काढून अमेरिकेतल्या बहिणीला पाठवायचा आहे. नातवानं दिलेला मोबाइल आहे. जवळ गेलं की पळते, लांबून काढला की ठिपका येतो, झूम केला की सगळा चिखल. काय करू?

ताई, खार तुमच्याजवळ येणार नाही, पण मोबाइलजवळ येईल. तिला भीती असते ती हलणाऱ्या माणसाची. तेव्हा आपण ओट्यापाशी थांबायचं आणि मोबाइल खिडकीत उभा करायचा. बोटभर उंचीचे ट्रायपॉड स्वस्तात मिळतात. नसेल तर पोह्यांच्या डब्याला टेकवा. आधी एक-दोन दिवस मोबाइलच्या जागी नुसतं चष्म्याचं घर ठेवून द्या, म्हणजे तिथं काहीतरी असतं हे तिच्या अंगवळणी पडेल. मग मोबाइल. तारेचे जुने इयरफोन घरात पडले असतील तर जोडा. कॅमेरा उघडा असताना त्यांच्यावरचं आवाजाचं बटण दाबलं की पुष्कळ मोबाइलमध्ये फोटो निघतो. तुम्ही मेथी निवडत बसा, खार आली की दाबा. तार आखूड पडली तर ब्लूटूथचं बटण मिळतं, ते नातवाकडून मागवा.

झूम नकोच. लेन्सची मर्यादा संपली की मोबाइल आहे तेच चित्र ताणून मोठं करतो, तुम्ही म्हणता तो चिखल तिथे होतो. त्यापेक्षा लेन्सवरून मऊ सुती कापड फिरवा. स्वयंपाकघरातल्या मोबाइलवर फोडणीचा हात लागलेला असतोच, आणि 'कॅमेरा बिघडला' म्हणून दाखवायला आणलेल्या कितीतरी मोबाइलना एवढ्यानंच गुण आलेला मी पाहिला आहे. खिडकी बंद ठेवणार असाल तर मोबाइल काचेला अगदी चिकटवा आणि आतला दिवा घालवा, नाहीतर खारीच्या पोटावर तुमचा फ्रिज दिसेल.

आता ती स्थिर कधी असते ते. खाताना ती मागच्या पायांवर बसते, दाणा दोन्ही हातांत धरते, तेव्हा धड फारसं हलत नाही. दुसरी वेळ म्हणजे मांजर किंवा शिक्रा दिसला की ती एका जागी बसून चिक्‌चिक् लावते आणि कधीकधी मिनिटंच्या मिनिटं थांबत नाही. अंग जागच्या जागी आणि शेपटी मात्र प्रत्येक आवाजाबरोबर उडत असते. भरपूर उजेडाच्या वेळी काढा, कमी उजेडात मोबाइल शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि खारीला तेवढा वेळ नसतो. 'प्रो' नावाची सोय असेल तर शटर १/५०० ला, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाला ठेवा. शेपटी धूसर आली तर येऊ दे, चिक्‌चिक् चालू होतं हे त्यातूनच कळतं.

एवढं झालं की फोटो चांगला येईल. पण माझं म्हणणं पुढेच आहे. तुम्हाला खार मोठी हवी आहे, फ्रेम भरून. बहिणीला काय हवं असेल? अमेरिकेत खारी कमी नाहीत, आणि तिथली राखाडी खार आपल्या खारीच्या दुपटीहून मोठी असते. नुसती खार बघायची तर तिला तुमची गरज नाही. तुमच्या खिडकीचं ग्रील, कठड्यावरची तुळस, उन्हात ठेवलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी, समोरच्या इमारतीची ओल आलेली भिंत, हे सगळं फोटोत येऊ द्या आणि त्यात खार असू द्या. पायपुसण्याचा काथ्या कुरतडून नेला असेल तर ते पायपुसणंही घ्या. घरट्यासाठी नेते ती.

लॅबमध्ये गिऱ्हाईक जुना प्रिंट मोठा करायला घेऊन यायचं. मी विचारायची, 'कोणाचा चेहरा मोठा हवाय?' आणि बोट जायचं मागच्या कोनाड्याकडे, पाळण्याच्या कडीकडे, दारातल्या बंबाकडे. माणसांचे फोटो घरात बरेच असायचे, बंबाचा एवढाच. माझ्या आजोळी, कुडाळजवळ, खारीला चानी म्हणतात. मामाकडे आगफा क्लिक थ्री होता, एका रोलवर बारा फोटो. चानीवर त्यातला एक खर्ची घालावा असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण आम्हा भावंडांच्या एका फोटोत मागच्या पोफळीवर एक तिरका डाग आहे, ती चानी. घरच्यांनाच कळतं. तो फोटो हातात घेतला की खळ्यात वाळत घातलेल्या सुपाऱ्या, मांगराची झावळं, मामीच्या हातातलं सूप सगळं समोर येतं, कारण ते सगळं त्यात आहे. मामानं पुढे जाऊन चानीच टिपली असती (त्या कॅमेऱ्यातून जवळचं धूसरच यायचं म्हणा), तर आज ती कुठलीही चानी असती.

दोन बारीक गोष्टी. फोटो बाजूनं, किंचित वरून घेतलात तर पाठीवरचे पट्टे मोजता येतील. मधले तीन ठळक पट्टे दोन्ही जातींना असतात. त्यांच्या दोन अंगांना आणखी एकेक फिकट पट्टा असेल तर ती पाच पट्ट्यांची. दक्षिणेकडे तीन पट्ट्यांची जास्त, उत्तरेकडे पाच पट्ट्यांची. वाड्यातली कुठली होती यावर बहिणीशी भांडायला विषय मिळेल. आणि आईंनी टाकला तसा तुकडा एखाद वेळी ठीक, पण हातावर खायला शिकवू नका. उद्या ती दुसऱ्याच्या खिडकीत तेवढ्याच विश्वासानं जाईल आणि तिथे मांजर असेल. उन्हाळ्यात पसरट वाटीत पाणी ठेवा, त्यावर बुलबुलही येतील. मात्र रोज बदला, डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

प्रश्न: पार्ल्याच्या आमच्या सोसायटीत मागच्या गल्लीत मुंगूस आहे. मुलीला ते दाखवताना मी लहानपणचं 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ' म्हटलं. आता ती रोज म्हणते. पण माझ्या प्रत्येक फोटोत शेपटीच. डीएसएलआर आहे, ५५-२५० ची लेन्स आहे. सेटिंग काय ठेवू?

आधी शपथेबद्दल. आम्हीही घालायचो, आणि मुंगूस खरंच वळायचं. मुंगसाला चाहूल लागली की ते पळण्याआधी क्षणभर थांबतं, पुष्कळदा मागच्या पायांवर उभं राहून बघतं. रामाचं नाव असो की कुकरची शिट्टी, त्याला सारखंच. तुमचा क्रम चुकतोय. मुंगूस दिसतं, मुलगी शपथ घालते, ते वळतं, आणि त्या वेळी तुम्ही लेन्सचं झाकण काढत असता. आधी कॅमेरा तयार, मग शपथ. आणि शपथ एकदाच. रोज दहादा ओरडून रामाचं नाव घेतलंत तर मुंगूस गल्ली बदलेल.

मुंगूस दिवसाचं जनावर आहे आणि भिंतीच्या, गटाराच्या कडेनं चालणारं. दोन-चार दिवस कॅमेरा घरी ठेवून फक्त बघा, कुठून निघतं आणि कुठल्या फटीत शिरतं. त्या वाटेवरची एक उघडी जागा निवडा, समजा गटाराच्या झाकणाची कड. तिथे आधीच फोकस करून ठेवा. तुम्ही पायरीवर बसा, उभे राहू नका. उभ्यानं काढलेल्या फोटोत मुंगसाची पाठ येते, बसून काढलेल्यात डोळे, आणि ते लालसर डोळे हवेतच. लेन्स २५० वर, एपर्चर ५.६, शटर १/१०००, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) ऑटोवर सोडा, ३२०० पर्यंत गेला तरी हरकत नाही. आयएसओ वाढला की फोटोत दाणे दिसतात, त्यांना घाबरू नका. मुंगसाच्या प्रत्येक केसावर गडद-फिकट पट्टे असतात, त्यामुळे अंग आधीच मिरपूड टाकल्यासारखं असतं आणि दाणे त्यात मुरतात. पांढऱ्या बगळ्याला ही सवलत नाही.

अंडं ठेवून बोलावू नका. अंडं ठेवलं की घूस, कावळे, मांजरं आणि सेक्रेटरी, सगळे येतील.

जाता जाता: मुलगी रंगवत असेल तर ब्रश घेताना केस कसले ते विचारा. मुंगसाच्या केसांचे ब्रश विकणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तरी ते मिळतात. कृत्रिम केसांचे ब्रश आता चांगले येतात.

प्रश्न: लहान प्राण्यांसाठी कुठला कॅमेरा घेऊ? बजेट ५० हजार.

एवढ्यात घेऊ नका. मोबाइलवर एक पावसाळा काढा. त्यानंतरही हौस टिकली तर वापरलेली बॉडी आणि बऱ्यापैकी लांब लेन्स घ्या. बॉडी दर दोन-तीन वर्षांनी जुनी होते, लेन्स होत नाही. उरलेल्या पैशांतून पुढच्या उत्तरात सांगितलेला डबा घ्या.

प्रश्न: वडिलांची १९८० च्या दशकातली लेन्स कपाटात लेदरच्या केसमध्ये जपून ठेवली होती. आता आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं. अंधेरीच्या दुकानदारानं 'फेकून द्या' सांगितलं. याच लेन्सनं वडिलांनी आरे कॉलनीतले सरडे आणि बेडूक टिपले होते. वाचेल का?

ती बुरशी आहे. मुंबईत ती लेन्सला होते म्हणून आश्चर्य करण्यापेक्षा ज्यांच्या लेन्सला होत नाही त्यांच्याकडून शिकण्यासारखं असतं. बीजाणू हवेत सगळीकडे असतात. हवेतलं बाष्प साठ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिलं, अंधार असला आणि हवा हलत नसली की ते रुजतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे बाष्प ऐंशीच्या पुढे असतं. त्यात लेदरची केस. लेदर ओल धरून ठेवतं आणि बुरशीला खायलाही पुरतं. वडिलांची आठवण म्हणून केस ठेवायची असेल तर ठेवा, पण लेन्सपासून लांब, दुसऱ्या कपाटात.

फेकू नका. आधी टॉर्च घ्या, लेन्सच्या एका बाजूनं उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूनं बघा. पातळ धागे कडेला असतील तर लेन्स उघडून साफ करणारे कारागीर मुंबईत अजून आहेत. फोर्टच्या कॅमेरा बाजारात चौकशी करा. स्वतः उघडू नका, आतल्या भिंगांचा क्रम आणि अंतर बिघडलं की लेन्स कायमची गेली. बुरशी आम्ल सोडते आणि फार दिवस राहिली तर भिंगावरचा लेप खाते. तसं झालं असेल तर धागे निघतील, ठसे राहतील. तरीसुद्धा अशा लेन्सनं फोटो येतो. उजेड पाठीशी घेऊन काढलात तर फरक शोधावा लागेल. सूर्य समोर घेतलात तर फोटोवर पांढुरकी साय येईल. थोडक्यात, सरड्यासाठी चालेल, सूर्यास्तासाठी नाही.

साफ झाल्यावर ठेवायची कशी? हवाबंद प्लास्टिकचा डबा, घट्ट झाकणाचा. त्यात सिलिका जेल, रंग बदलणारं: निळं असेल तर ओल शोषून गुलाबी होतं, नारिंगी असेल तर हिरवं. रंग बदलला की मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतं. डब्यात बाष्प मोजायचं छोटं यंत्र ठेवा, काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये हवा. फार कोरडंही नको, वंगण वाळतं. जेलच्या जागी तांदूळ ठेवायचा सल्ला घरोघरी देतात. तांदळाची पूड उडते आणि तीही बुरशीचा खाऊच. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, त्यांची वाफ भिंगावर आणि रबरावर बसते.

सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र लेन्स वापरणं हाच. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा बाहेर काढा, हवा लागू द्या. एसीतून एकदम बाहेर आलात तर बॅग अर्धा तास बंद ठेवा, नाहीतर थंड काचेवर लगेच दव धरतं. आणि वडिलांनी बेडूक टिपले होते म्हणता, तर पहिला मोठा पाऊस झाला की तुम्हीही बघा. बैलबेडकाचे नर तेव्हा पिवळेजर्द होतात, गळ्याच्या दोन बाजूंना निळे फुगे येतात, आणि साचलेल्या पाण्यात दिवसाढवळ्या ओरडत असतात. वडिलांच्या फोटोंत तसे आहेत का ते शोधा. कृष्णधवल असतील तर अंगापेक्षा गडद दिसणारे फुगे शोधा.

प्रश्न: मला नॅशनल पार्कात वाघाटीचा फोटो काढायचा आहे. जागा सांगाल का? (कॉलेजचा विद्यार्थी, बोरिवली)

नाही. वाघाटी जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढली तरी किलो-दीड किलोची, आणि रात्रीची. पार्कात तिची नोंद झाली ती झाडाला बांधलेल्या, हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं, म्हणजे माणूस तिथे नसताना. मला जागा ठाऊक असती तरी छापली नसती. तूही कुठल्याही दुर्मीळ जीवाचा फोटो टाकताना मोबाइलमधलं लोकेशन बंद कर. फोटोच्या फाइलीत जागेचे आकडे लपलेले असतात आणि ते वाचायला फार अक्कल लागत नाही.

आणखी एक, रागावू नकोस. अंधार पडल्यावर पार्काच्या किंवा आरेच्या कडेला उकिडवं बसून, ओणवं होऊन फोटो काढू नकोस. उभा माणूस बिबट्याला माणूस दिसतो. बसलेला त्याच्या मापाचा दिसतो. (बघा, बिबट्या आलाच.)

तुझ्या वयात दुर्मीळच हवं असतं. मी सांगते सरडा काढ. पावसाच्या तोंडाशी बागेतल्या सरड्याच्या नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो, तो कुंपणावर चढून जोर काढत बसतो आणि तुला तासभर देतो. सायनकडून वांद्र्याला जाताना मिठी नदीकाठी, धारावीला लागून महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एके काळी तिथे शहराचा कचरा टाकत. आता जंगल आहे, कोळी आहेत, फुलपाखरं आहेत. गोरेगावला फिल्मसिटीलगत बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्ग केंद्र आहे, तिथे जाणकारांबरोबर फिरता येतं. तिथे शिक, मग वाघाटी नाही दिसली तरी तुला चुकल्यासारखं वाटणार नाही.

प्रश्न: गिरगावात आमच्या चाळीच्या कौलांवर रात्री उदमांजर फिरतं. आजोबा त्याला कांडेचोर म्हणायचे आणि आम्हाला त्याची भीती घालायचे. फोटो काढताना फ्लॅश मारला तर चालेल का? चाळीच्या ग्रुपवर 'बिबट्याचं पिल्लू' म्हणून पळापळ झाली आहे, पुरावा हवा आहे.

फ्लॅश नको. रात्रीच्या जनावराच्या डोळ्यात मागे आरशासारखा पडदा असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या चकत्या येतात आणि ग्रुपवरची पळापळ वाढेल. शिवाय कौलाच्या टोकावर चाललेल्या जीवाला क्षणभर आंधळं करणं बरं नव्हे. मोबाइलचा नाइट मोडही इथे उपयोगाचा नाही, तो दोन-तीन सेकंद घेतो आणि तेवढ्यात ते निघून जातं, फोटोत फक्त धूर उरतो. व्हिडिओ घ्या. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड जिथे पन्हाळीवर पडतो तिथे मोबाइल टेकवून ठेवा. ते नेहमीच्या वाटेनं, पाइपावरून, तारेवरून येतं. लांब शेपूट, काळसर अंग, तोंडावर काळा मुखवटा एवढं दिसलं की पुरे. बिबट्याचं पिल्लू तारेवरून चालत नाही हे ग्रुपवर कळवा. उंबर, जांभूळ, पपई अशी फळं आणि उंदीर हा त्याचा आहार. चाळीला त्याचा उपद्रव फार तर माळ्यावर मुक्काम करण्याइतका.

प्रश्न: माझा थोरला भाऊ आता नाही. १९८३ च्या एका रंगीत फोटोत त्याच्या शर्टाच्या खिशातून खारीचं पिल्लू डोकावतंय. फोटो लाल पडलाय आणि चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलाय. भाच्यानं मोबाइलवरच्या फोटोवरून अ‍ॅपनं नवा करून दिला, पण काहीतरी वेगळंच वाटतं. (हिंदू कॉलनी, दादर)

वेगळं वाटतं कारण ते वेगळंच आहे. तुम्ही सोबत पाठवलेले दोन्ही फोटो मी भिंग लावून पाहिले. मूळ फोटोत पिल्लाच्या पाठीचा एवढासा भाग दिसतो आणि तो धूसर आहे. अ‍ॅपला धूसर चालत नाही, म्हणून त्यानं पट्टे स्वतःच काढले, तेही चार. भावाच्या हनुवटीवरचा व्रण गेला. खिशातल्या पेनाचं टोपण गेलं. ज्याला तुमचा भाऊ ठाऊक नाही अशा कुणीतरी अंदाजानं काढलेलं ते चित्र आहे. भाच्यावर रागावू नका, त्यानं प्रेमानं केलं. पण ते चित्र मूळ फोटोच्या जागी लावू नका.

लाल पडण्याचं कारण साधं आहे. त्या काळच्या बऱ्याचशा रंगीत कागदात तीन रंगांपैकी निळा-हिरवा आधी उडायचा, मग उरायचा तो लाल-पिवळा. गेलेला रंग थोडाफार ओढून आणता येतो, पण तो चांगल्या स्कॅनवरून आणि हातानं, अंदाज न करता.

क्रम असा ठेवा. प्रथम फोटो अल्बममध्ये आहे तसाच, खिडकीजवळ, ऊन अंगावर न येता, फ्लॅशविना टिपून ठेवा. मोबाइल फोटोला अगदी समांतर. वरचं प्लास्टिक चमकत असेल तर अल्बमसकट थोडं फिरून बसा. हा झाला विमा. मग प्लास्टिक हळूच उचला आणि दात साफ करायचा धागा फोटोच्या मागे सरकवून करवतीसारखा चालवा. ओढून काढू नका, पाणी किंवा वाफ तर नकोच. सुटत नसेल तर मागचं पान कापून फोटो पानासकट बाहेर घ्या. ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मागची बाजूही करा. तिथे लॅबचा शिक्का, तारीख, कुणाचं अक्षर असतं. निगेटिव्ह सापडली तर सगळंच सोपं, आधी ती शोधा. लोक प्रिंट अल्बममध्ये लावत आणि निगेटिव्हचं पाकीट लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात टाकत. नव्या प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलनं लिहा, बॉलपेननं नको: कोण, कुठे, कुठल्या झाडाखाली पिल्लू सापडलं, पुढे त्याचं काय झालं.

पत्रात तुम्ही विचारलं आहे की आज असं पिल्लू सापडलं तर काय करायचं. खिशात घालायचं नाही एवढं नक्की. पुठ्ठ्याच्या उघड्या खोक्यात मऊ फडकं घालून त्यात ठेवा, खोकं त्याच झाडापाशी, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर, आणि आपण लांब व्हा. आई बहुधा येते आणि तोंडात धरून नेते. गाईचं दूध पाजू नका. संध्याकाळपर्यंत ती आली नाही किंवा पिल्लू जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. पण १९८३ साली हे कुणी सांगत नव्हतं, आणि तुमच्या भावाचा चेहरा बघून पिल्लाचे ते दिवस मजेत गेले असावेत असं मला तरी वाटतं.

प्रश्न: मला पालीचे फोटो काढायला आवडतात. आई ओरडते. तुम्ही आईला सांगाल का? (इयत्ता पाचवी, घाटकोपर)

आईला मी सांगणार नाही, तीही हे सदर वाचत असेल. तू एक कर. रात्री दिव्याच्या किड्यांसाठी पाल खिडकीच्या काचेवर बाहेरून येते. तू आतून, काचेच्या या बाजूनं फोटो काढ. पाल बाहेर, तू आत, म्हणजे आईची तक्रार अर्धी कमी. खोलीतला दिवा बंद कर आणि बाजूनं टॉर्च तिरका धर. तुला तिच्या बोटांखालच्या आडव्या घड्या दिसतील. त्या घड्यांवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक केस असतात, त्यांच्यामुळेच ती काचेला धरून राहते. तिला पापण्या नसतात, डोळा ती जिभेनं पुसते. तो फोटो मिळाला तर मला नक्की पाठव, कारण मला अजून मिळालेला नाही. कधी पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडीसुद्धा दिसतात.

फोटो पाठवताना खिडकी कापू नकोस. खिडकीतून दिसणारं घाटकोपरही येऊ दे. आणि आईला दाखवायचा असेल तर जेवणं झाल्यावर दाखव.